दोनदा उशीर

वरठीच्या कारखान्यातला तो फिटर चहाच्या टपरीवर आपली दिनचर्या इंग्रजीत सांगायचा. सुपरवायझरपदाच्या मुलाखतीची तयारी चालली होती. "आय ऑलवेज गेट अप ॲट फाइव्ह," म्हणून थांबायचा आणि 'ऑलवेज' बदलून 'युज्वली' करायचा, कारण रविवारी तो सहाला उठत असे.

"कोण पाहाले येते बे तुह्या घरी?" टपरीवाला म्हणायचा.

मुलाखतीत विचारलं, ड्यूटीवर उशिरा येता का? बाकीच्यांनी 'नेव्हर' सांगितलं. याने 'रेअरली', म्हणजे क्वचित. बढती दुसऱ्याला मिळाली.

"काहून सांगतलं तसं?" टपरीवर शेजारी बसलेल्या मी विचारलं.

"दोनदा लेट झालो होतो ना. रेल्वेचं फाटक बंद होतं."

त्याने चहा संपवला, सायकलचं स्टँड काढलं आणि पुन्हा माझ्याकडे वळला.

"फाटक एकाच खेपेला बंद होतं. दुसऱ्या खेपेला मी झोपून होतो."