बांधावरची वाट आणि भाद्रपदातला पोळा

पहाटेच्या दवात नुकताच कापलेला घास कधी हुंगला आहे तुम्ही? थंडगार, किंचित तुरट आणि इतका हिरवा वास, की डोळे मिटले तरी रंग दिसावा! चिंचवडच्या आमच्या कॉलनीमागून भोसरीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बांधावरच्या वाटेवर तो मला रोज सकाळी भेटे. आणि पदर कमरेला खोचून, सायकलचे हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून मी तो छाती भरून आत घेई. छाती भरून! हे दोन शब्द तुम्ही सहज वाचून पुढे गेला असाल. पण जिला एके काळी दोन मजल्यांच्या जिन्यात मधल्या पायरीवर बसकण मारावी लागे, तिला विचारा त्यांचे मोल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनियर मंडळी यंत्राच्या भागांची चित्रे पेन्सिलीने काढीत आणि त्यांवर पारदर्शक कापड अंथरून आम्ही ती शाईने उतरवून घेत असू. काम दिसायला सोपे, पण सारा खेळ स्थिर हाताचा. कंपास टेकवला, की वर्तुळ पुरे होईपर्यंत श्वाससुद्धा रोखायचा. त्या एका रोखलेल्या श्वासाइतक्या निःशब्द क्षणात जगातला सारा गोंधळ बाहेर राही, आणि आत फक्त एक काळी रेघ आपल्याच आरंभाला जाऊन मिळे. केवढे सुख होते त्यात! मला ती नोकरी नुसती हवी नव्हती, मला ती आवडत होती. आणि बायकांच्या बाबतीत हे दुसरे कारण त्या काळी कुणी हिशेबातच धरीत नसे.

पण मला दमा लागला. पुणे-मुंबई रस्त्यावर बसची वाट पाहत अर्धा-अर्धा तास उभी राहायचे, आणि समोरून मालाने भरलेले ट्रक काळ्या धुराचे लोट सोडीत जायचे. मागून टेम्पो, त्यामागून रॉकेल मिसळून चालणाऱ्या रिक्षा. ऑफिसात पोचेपर्यंत छातीत शिट्टी वाजू लागे. एकदा ऐन वर्तुळात खोकल्याची उबळ आली आणि आठवडाभराच्या कामावर शाईचा डाग पडला. आमचे हेडड्राफ्ट्समन देवमाणूस, त्यांनी नवे कापड तेवढे आणून ठेवले. त्यांच्या त्या चांगुलपणाने मला घरी जाऊन रडू आले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "बाई, एक तर तो रस्ता सोडा, नाहीतर नोकरी सोडा." घरी यांनी मोठ्या औदार्याने सांगितले, "थोडी कळ काढ, आपण स्कूटर बुक केली आहे." त्या स्कूटरच्या प्रतीक्षायादीची गती पाहता ती आमच्या लेकाच्या वरातीला उपयोगी पडली असती!

मग ती वाट निघाली. कशी निघाली, तर डॉक्टरांच्या दवाखान्यात माझ्यासारखेच खोकत बसलेले लोक एकमेकांशी बोलू लागले म्हणून. कॉलनीतून भोसरीपर्यंत शेतांतून सरळ गेले तर अंतर निम्मे होते. धूर नाही, बस नाही. हवी फक्त सायकल आणि पाय टेकायला वाट. भोसरीच्या तीन कारखान्यांतले कामगार प्रतिनिधी, गावचे सरपंच आणि आमच्या कॉलनीतल्या चार तोंडाळ बायका (त्यांत मी होते हे वेगळे सांगायला नको) एकत्र बसलो. एका कारखान्याने वाटेवर पसरायला बॉयलरमधल्या जळक्या कोळशाचा खंगर दिला, दुसऱ्याने तो वाहायला ट्रक, तिसऱ्याने ओढ्यावर टाकायला लोखंडी पत्रा. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. सलग सहा गुरुवार कॉलनीने घमेली उचलली. 'प्रदूषण' हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रातही क्वचित दिसे. आमच्यापैकी कुणाला हवा सुधारण्याची थोर चळवळ वगैरे करायची नव्हती, श्वास घ्यायचा होता, एवढेच!

आणि जमीन? ती होती तात्यांची. तात्या म्हणजे डोक्याला मुंडासे, अंगात बंडी, बोलणे मोजके आणि हसणे त्याहून मोजके. त्यांची अर्धी जमीन आधीच कारखान्यांच्या वसाहतीसाठी सरकारजमा झाली होती. उरलेल्यात बाजरी, मेथी आणि बैलांसाठी घास. बांधावरून सायकली जाऊ द्यायला ते तयार झाले, पण अट घातली. "जा की," म्हणाले, "वाऱ्याला का कुनी अडीवतंय? पन बाई, आमच्या वाडवडलांची येक रीत हाय. वर्साचा येक दिस, पोळ्याला, वाट बंद. त्या दिशी काटं लावनार. कुनी म्हंजी कुनी जायचं न्हाई." मी कारण विचारले. तर त्यांच्या चुलत्याच्या रानातून लोक वर्षानुवर्षे बिनअटकाव गेले, ती वहिवाट झाली, आणि कोर्टात वाट लोकांच्या हक्काची ठरली. वर्षातून एकदा वाट मोडली, की ती मालकाच्या मर्जीचीच राहते. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. एका दिवसाचे काय मोठे!

सायकल मी पस्तिशीत शिकले. कॉलनीच्या मैदानात हे मागून सीट धरून धावत, आणि शेजारणी गॅलरीतून "अहो, हात सोडा आता, लग्नात नाही एवढा घट्ट धरला!" असे ओरडत. दोनदा पडले, एकदा तुळशीवृंदावनावर आदळले. पण महिन्याभरात बांधावर आले आणि मग काय सांगू! बाजरीच्या कणसांवरून सरकणारे ऊन, ओढ्याच्या पत्र्यावर चाकांचा खडखडाट, पुढे-मागे चाळीसेक सायकली आणि त्यांच्या घंट्यांचा किणकिणाट. एरवी रस्त्यावर एकमेकांना खांद्याने ढकलून बसमध्ये शिरणारी हीच माणसे बांधावर समोरच्याला थांबून वाट देत. अरुंद वाट माणसाला सभ्य करते का? निदान आम्हांला तरी तिने केले. आषाढ सरता सरता माझ्या छातीतली शिट्टी कमी झाली, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आले की अख्खे वर्तुळ मी एकाही खोकल्याविना काढले आहे. मी टेबलाशी एकटीच हसले.

श्रावणातली अमावास्या जवळ आली. मी कोकणातली, आमच्याकडे पोळा नाही. हे वऱ्हाडातले, त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून जाहीर केले, "उद्या पोळा. तात्यांची वाट बंद." झाले! आदल्या संध्याकाळी मी घरोघर जाऊन सांगून आले. दुसऱ्या दिवशी एकही सायकल बांधावर गेली नाही. सगळे मुकाट रस्त्याने गेले, मी तर धुराच्या धास्तीने रजाच टाकली. दिलेला शब्द पाळल्याचे केवढे समाधान वाटले मला! वाटेवर काटे लावलेत का, हे पाहायला मात्र कुणी फिरकले नाही.

त्यानंतर महिन्याने, एका सकाळी आम्ही नेहमीसारखे बांधाच्या तोंडाशी आलो, तर समोर बाभळीच्या फांद्यांचा ढीग! छातीएवढा उंच, चांगला बोटबोट लांब काट्यांचा. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायला थोडाच अवकाश होता. चाळीस सायकली अडकल्या. कुणी म्हणाले, "तात्या फिरले." कुणी म्हणाले, "जमिनीचा भाव वाढला, आता आपण कशाला हवेत?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मला एक तातडीचे ड्रॉइंग पुरे करायचे होते; पण खरे सांगू, राग त्याचा नव्हता. भीती होती. ही वाट गेली की पुन्हा तो रस्ता, तो धूर, तो डाग, ते कापड, आणि मग नोकरीचा राजीनामा. मी सायकल आडवी टाकली, पदर हाताला गुंडाळला आणि फांद्या ओढायला लागले. मनगट ओरबाडले, रक्त आले, तरी थांबले नाही. माझे पाहून दहा हात पुढे आले. पाच मिनिटांत वाट मोकळी झाली आणि आम्ही विजयी वीरांच्या थाटात पलीकडे गेलो!

संध्याकाळी परतताना तात्या बांधावर उभे होते. डोक्याला नवे मुंडासे, बोटांना हिंगूळ लागलेला. शेजारी दोन बैल, शिंगे लालभडक, पाठीवर झूल, गळ्यात नव्या घुंगुरमाळा. इतके देखणे बैल मी जन्मात पाहिले नव्हते. "तात्या, आज काय आहे?" मी विचारले. त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले. "आज पोळा न्हाई का, बाई? आमच्याकडं भाद्रपदातच असतो." कॅलेंडर श्रावणाचे, आणि जमीन भाद्रपदाची! आणि जिने घरोघर हिंडून शब्द पाळायला सांगितले, तिनेच तो मोडला होता. तोंडात मारल्यासारखी उभी राहिले मी. रडू आवरेना.

तात्या रागावले असते तर बरे झाले असते. ते बैलांच्या झुली सारख्या करीत राहिले. बोलला तो त्यांचा पुतण्या, गावच्या सोसायटीत कारकून असलेला, पन्नाशीला टेकलेला गृहस्थ. "तात्या, आजच्या आज वाट कायमची बंद करा. मालकानं लावलेलं काटं लोकांनी जोर करून काढलं, ह्येचा अर्थ उद्या कोर्टात काय लागंल? म्हनतात ना, भटाला दिली ओसरी—" एवढे म्हणून त्याने माझ्याकडे पाहिले आणि जीभ चावली. मला त्या अवस्थेतही हसू फुटले, कारण शब्दन्‌ शब्द खरा होता. ओसरी मिळाली होती आणि आम्ही पाय पसरले होते.

त्या संध्याकाळी मी मला येत होते तेवढे केले. टेबलावर ट्रेसिंगचा कागद अंथरून तात्यांच्या रानाचा नकाशा काढला. बांध अखंड रेघेने, ओढा बारीक लाटांनी, आणि वाट तुटक रेघेने. आमच्या धंद्यात तुटक रेघ म्हणजे आहे पण वरून दिसत नाही, अशी कड. खाली सुवाच्य अक्षरांत लिहिले : 'ही वाट मालकाच्या मर्जीची आहे. दर भाद्रपदी पोळ्यास बंद.' चाळीस जणांनी सह्या केल्या. रात्री तो कागद घेऊन आम्ही पाचसहा जण तात्यांच्या दारात गेलो. तात्यांनी तो कंदिलाशी धरून पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणाले, "लई झ्याक काढलंया. पन बाई, घास हिरवा न्हाई दावला." मग घडी करून कागद पुतण्याच्या हातात ठेवला. "कागुद ह्येच्यासाठी. माज्यासाठी येक करा. पोळ्याला वाट मोडाया हवी व्हती, ती मोडली न्हाई. उंद्याच्याला तुमी मोडा. तुमच्या हातानं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही बांधावर होतो. काढलेल्या फांद्या ओढ्याकाठी विखुरल्या होत्या, त्या एकेक गोळा केल्या. आधीच्या दिवशी पाच मिनिटांत उपसलेला ढीग नीट रचायला पाऊण तास लागला. मोडणे किती सोपे असते, नाही? मग सायकली हातात धरून चाळीसही जण रस्त्याकडे वळलो. त्या दिवशी मी रजा घेतली नाही. बसथांब्यावर ट्रकांचा सगळा धूर खाल्ला, ऑफिसात दिवसभर खोकले, एकही वर्तुळ काढता आले नाही. आणि तरीही, विश्वास ठेवा, मन स्वच्छ होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा काट्यांपुढे उभे. कुणी हात लावला नाही. पहिल्या पाळीचा भोंगा झाला, तरी कुणी हलले नाही. "लेट मार्क पडला राव," असे मागून कुणीसे पुटपुटले. उभ्या उभ्या मी विचार करीत होते : हवा कुणाची असते? ती आपल्या मालकीची आहे असे आपण इतके गृहीत धरतो, की ती घाण करायलाही कुणाला विचारीत नाही. मग ती पुन्हा चांगली करायची तर कुणाच्या तरी दारात असे हात जोडून उभे राहावे लागणारच! हक्काने मिळालेल्या वाटेवरून मी रोज गेले असते आणि एक दिवस तिला विसरूनही गेले असते.

धारा काढून, बादली घरात ठेवून, तात्या सावकाश आले. आमच्याकडे न पाहता त्यांनी एकेक फांदी उचलून बाजूला ठेवली. मदतीला पुढे झालेल्याला हाताने थोपवले. शेवटची फांदी निघाल्यावर त्यांनी माझ्या मनगटावरचे ओरखडे पाहिले आणि म्हणाले, "हळद लावली का?" मी मान हलवली. मग ते बांधावरून खाली उतरले, घासाच्या वाफ्यात उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "या."

आम्ही गेलो. पण त्या सकाळी कुणी पायडल मारले नाही. चाळीसही जण सायकली हाताने ढकलत, एकामागून एक, तात्यांच्या समोरून पायी गेलो.