शेऱ्याचा रकाना

सरकारी रजिस्टरात सगळ्यात शेवटी, पानाच्या उजव्या काठाला शेऱ्याचा रकाना असतो. नाव, वय, गाव, वजन, रक्तदाब हे आधीचे रकाने शहाण्यासारखे असतात, पण त्यांत माणूस मावत नाही. उरलेला माणूस शेऱ्यात भरायचा, असं मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं आणि पुढची सव्वीस वर्षं तो रकाना माझ्या बापाचा असल्यासारखा वापरला.

मी मूळची रत्नागिरीकडची. नवरा शिक्षक म्हणून सिल्वासाला आला, त्याच्यामागून मी आले आणि इथल्या एका आरोग्य केंद्रात नर्स म्हणून चिकटले. अक्षर बरं आणि तोंड फटकळ, त्यामुळे रजिस्टर माझ्याकडेच राहिलं. "दुधनीहून येते. होडी चुकली की उशीर होतो, ओरडू नये." "गोळ्या घेते म्हणते, घेत नाही." "बाईला विचारलं की नवरा बोलतो. नवऱ्याला पाणी आणायला पाठवावे." नवे डॉक्टर हे वाचून आधी हसायचे आणि मग मुकाट्याने नवऱ्याला पाणी आणायला पाठवायचे. फारच महत्त्वाचं असेल तर मी लाल शाई काढायचे.

एक शेरा मात्र पानोपानी असायचा, 'माहेरी'. सिल्वासाजवळच्या राखोली, सायलीच्या कंपन्यांमध्ये धुळे-नंदुरबारकडची पोरं कामाला. लग्न झालं की बायकोला घेऊन येतात, खोली करतात, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हा कायदा कुठल्याही सरकारने न करता सगळे पाळतात. सातवा महिना लागला, ओटी भरली, की पोरगी गेली. सहा महिने आम्ही तपासायचं, आणि बाळंतपण कुठे तर तिकडे दुसऱ्या राज्यात, जिथे आमच्या रजिस्टरातलं कुणालाच काही ठाऊक नाही. परत येताना कडेवर बाळ आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीत चुरगळलेले चार कागद. त्यातला एक हमखास रेशनचा असायचा.

मग कॉम्प्युटर आला. आधी एक आला, मग दुसरा, मग तिसरा, आणि सवती-सवती असल्यासारखे तिघं एकमेकांशी बोलेनात. लसीकरणाचं एकात, तपासणीचं दुसऱ्यात. सगळं परत परत टाइप करून माझी दोन बोटं झिजली. दोनच, कारण मी दोनच बोटांनी टाइप करते.

शेवटी नवा प्रोग्राम आला आणि त्याच्यासोबत प्रशिक्षण द्यायला मुंबईहून एक तरुण बाई. तिने 'खुली मानकं' असा शब्द काढला तेव्हा मी शेजारणीला म्हटलं, झालं, आता जेवायला दोन वाजणार. पण बाई हुशार होती. ती म्हणाली, "तुमच्या घरी शेगडी कुठल्याही कंपनीची असू दे, सिलिंडरचा रेग्युलेटर बसतो ना? का, तर तोंडाचं माप सगळ्यांनी मिळून ठरवलंय आणि ते कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही. तसंच हे. रकाने कुठले, कुठल्या आजाराला कुठला सांकेतिक आकडा, कुठल्या औषधाला कुठला, हे सगळ्यांनी ठरवलंय. आता तुमचा प्रोग्राम एका कंपनीचा आणि धुळ्याचा दुसऱ्या कंपनीचा असला तरी पेशंटची माहिती इथून तिथे जाईल."

हे मला एकदम पटलं. सव्वीस वर्षं मी 'माहेरी' लिहून हात टेकत होते, आणि आता रजिस्टरच पोरीच्या मागोमाग माहेरी जाणार होतं. मी लगेच नव्या प्रोग्राममध्ये शेऱ्याचा रकाना शोधला. होता. केवढा मोठा होता! लाल शाई नव्हती, पण उद्गारचिन्हं हवी तेवढी.

त्याच सुमारास एक पोरगी यायला लागली. वीस-एकवीसची, धुळ्याकडची, पहिलटकरीण. नवरा सायलीला धाग्याच्या कंपनीत. वजनकाट्यावर उभं राहायची तिला भारी मजा वाटायची. काटा थांबेपर्यंत वाकून बघायची आणि आकडा मी सांगायच्या आत स्वतःच सांगायची.

पाचव्या महिन्यात तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या जातीचं एक इंजेक्शन सांगितलं. मी दिलं आणि पाच मिनिटांत पोरीच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. डॉक्टर धावत आले, उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. अर्ध्या तासाने ती उठून बसली आणि म्हणाली, "बाई, चहा मिळी का?" मी माझाच कप तिच्यापुढे केला.

नंतर मी कॉम्प्युटरसमोर बसले. 'एलर्जी' असा रकाना होता. त्यावर क्लिक केलं की इंग्रजी औषधांची मारुतीच्या शेपटासारखी यादी खाली उतरायची. बाहेर नळापर्यंत रांग, आतल्या बाकावर एक मूल रडतंय. यादीच्या डोक्यावरच 'नाही' होतं. ते दाबल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकत नाही, म्हणून आम्ही सगळ्याच जणी ते दाबायचो. मीही दाबलं आणि खाली शेऱ्यात, मराठीत, इंजेक्शनच्या नावासकट सगळं लिहिलं. "मरता मरता वाचली. हे इंजेक्शन पुन्हा कधीही देऊ नये!!!" तीन उद्गारचिन्हं. माझ्या हिशोबाने काम चोख झालं होतं.

सातव्या महिन्यात ती निरोप घ्यायला आली. माहिती पाठवायला पेशंटची परवानगी लागते, त्यासाठी मोबाइलवर आकडे येतात. मोबाइल नवऱ्याचा, आणि कंपनीत तो गेटवरच जमा करावा लागतो, म्हणून दोघं त्याच्या सुट्टीच्या दिवशी आली. आकडे आले, परवानगी झाली. तिने पिशवी पुढे करून विचारलं, कागद नेऊ ना? मी ऐटीत म्हटलं, "कशाला ते ओझं? तिकडे कुणी काही विचारलं तर सांग, बाईंनी सगळं मशीनमध्ये टाकलंय, बघून घ्या." पोरीचे डोळे मोठे झाले. मला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

दोन महिन्यांनी प्रशिक्षणवाली बाई पुन्हा आली. आमच्याच केंद्राच्या हॉलमध्ये पडदा लावला. तिने एक खोटा पेशंट तयार केला, सगळे रकाने भरले, शेराही भरला, आणि म्हणाली, "आता बघा, दुसऱ्या राज्यातल्या दवाखान्यात हे कसं दिसतं." पडद्यावर स्वच्छ, सुबक रकाने आले. मी शेवटपर्यंत बघत राहिले.

"शेरा कुठंय?" मी विचारलं.

"शेरा तुमच्याकडेच राहतो, मॅडम. तो कसाही लिहिलेला असतो ना, कुठल्याही भाषेत. जे ठरलेल्या रकान्यात असतं तेवढंच प्रवास करतं."

पेशंट तर कितीतरी असतील, पण डोळ्यांसमोर ती एकच आली. नववा महिना. तिथल्या नर्ससमोर एलर्जीचा रकाना, आणि त्यात मी स्वतःच्या बोटाने दाबलेलं 'नाही'. कोरा असता तरी परवडला असता, कुणी विचारलं तरी असतं.

मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगून टाकलं. प्रशिक्षणवाल्या बाईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तिने माझ्या टेबलाशी येऊन त्या पोरीचा रेकॉर्ड उघडायला लावला आणि म्हणाली, "यादीत शोधायचं नसतं, मॅडम. पहिली तीन अक्षरं टाइप करा." मी केली. औषध समोर आलं. तीन अक्षरांचं काम होतं ते. मी 'नाही' काढलं, औषध टाकलं.

"आता तिकडे दिसेल?"

"त्यांनी पुन्हा उघडलं तर. आधीच उघडून छापून घेतलं असेल तर कागदावर जुनंच असणार. फोन करा."

फोन नवऱ्याचा, तो गेटवर जमा. मी स्कूटर काढली आणि सायलीला गेले. ट्रकच्या रांगेतून ती गाडी कशी काढली ते माझ्या नवऱ्याला मी आजतागायत सांगितलेलं नाही. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, शिफ्ट में किसी को नहीं बुला सकते." मी म्हटलं, "भैया, बुलाव, नहीं तो मैं अंदर जाती हूँ." माझं हिंदी कोकणातलं आहे, पण पांढऱ्या साडीवर चालून जातं.

नवरा धावत आला. केसांत कापसाचे तंतू, तोंडभर हसू. "शिस्टर, पोरगा का पोरगी?"

त्याला वाटलं, मी पेढे मागायला आलेय. मी त्याच्याकडून सासऱ्याचा नंबर घेतला आणि तिथेच उभ्याने फोन लावला. सासऱ्याने उचलला. ते दवाखान्यातच होते, पोरीला सकाळीच आणलं होतं. मी म्हटलं, आत जा आणि जी नर्स दिसेल तिच्या हातात फोन द्या.

"सिस्टर, सिल्वासाहून सिस्टर बोलतेय," मी म्हटलं. पेशंटचं नाव सांगितलं.

"हो, आहे ना. पहाटेच पाणी गेलंय, डॉक्टरांनी अँटिबायोटिक सांगितलंय. भरून ठेवलंय, आता देतेच."

"कुठलं?"

तिने नाव सांगितलं. तेच.

"देऊ नका. तिला एलर्जी आहे. मरता मरता वाचलीय ती."

"पण इथे तर 'नाही' आहे."

"ते मी टाकलंय. चुकून. देऊ नका."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसता वॉर्डचा गलका. मग ती परत आली. "टाकून दिलं. डॉक्टर दुसरं देतायत." मग म्हणाली, "सिस्टर, मी तिला विचारलं होतं हो. कुठल्या सुईचा त्रास झालाय का म्हणून. ती म्हणाली, सेलवासच्या बाईंनी सगळं मशीनमध्ये टाकलंय, बघून घ्या."

मी वॉचमनच्या खुर्चीवर बसले आणि रडले. त्याने न विचारता पाणी आणून दिलं. संध्याकाळी फोन आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

पुढचे तीन दिवस आम्ही सगळ्या जणी बसून जुने शेरे वाचत होतो आणि जे रकान्यात जाईल ते रकान्यात घालत होतो. खूपसं गेलं. कुणाची फिट, कुणाचं आधीचं सिझेरियन, कुणाचा सिकलसेलचा रिपोर्ट. 'नवऱ्याला पाणी आणायला पाठवावे' याला मात्र अख्ख्या जगाने मिळून ठरवलेल्या यादीत आकडा नाही. मी प्रशिक्षणवाल्या बाईला तसं कळवलं. तिने हसणारा चेहरा पाठवला आणि वर विचारते म्हणाली. अजून विचारतेच आहे.

बाळ दीड महिन्याचं झाल्यावर ती पोरगी लसीकरणाला आली. सोबत नवरा, आईने केलेले डिंकाचे लाडू, आणि नवऱ्याने गेटवर बघितलं तेवढ्यावरून बनवलेली गोष्ट. ती त्याने रांगेतल्या सगळ्यांना ऐकवली. शिस्टर उन्हातान्हात स्कूटरवरून आली, फोन केला, बायकोचा जीव वाचवला. बायका माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. एका म्हातारीने माझ्या हाताला हात लावून कपाळाला लावला. गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं. लाडूही चांगले होते.

मी बाळाचं वजन केलं, आकडा टाकला, लस दिली, आणि पोरीला म्हटलं, "हे बघ, तुझा नवरा सांगतो ते अर्धंच आहे. तुला त्या सुईचा त्रास होतो हे मी चुकीच्या जागी लिहिलं होतं. आणि जिथे लिहायचं तिथे 'नाही' लिहिलं होतं. वर तुला सांगितलं, काही बोलू नकोस, सगळं मशीनमध्ये आहे. तुझा जीव मीच घालवत होते."

नवऱ्याचं हसू तसंच अर्धवट राहिलं. पोरगी माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, आता ही उठून जाईल, आणि गेली तर बरोबरच आहे.

तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पेशंटचं स्टूल उचललं आणि टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला, स्क्रीनसमोर आणून ठेवलं. सव्वीस वर्षांत कुणी पेशंट टेबलाच्या या बाजूला आलं नव्हतं. ती बसली.

"हिना बारामा काय लिखेल शे," बाळाकडे मान करून ती म्हणाली, "ते माले वाची दखाडा. समदं."

बाळाबद्दलचं सगळं मी वाचायला लागले. एकेका रकान्यावर बोट ठेवून, मराठीत सांगत. मुलगी. जन्मतारीख. रक्तगट. आज दिलेल्या लसी. ती प्रत्येकाला मान हलवत होती. मागे कुणीतरी वेळ लागतोय म्हणून कुरकुरलं, तिने वळूनही पाहिलं नाही.

"वजन चार किलो चारशे," मी वाचलं.

"नई, बाई. चार शंभर. मी काटा पाह्यला ना."

मी बाळाला परत काट्यावर ठेवलं. चार किलो शंभर. चार मिनिटांपूर्वी, तिच्यासमोर, मीच टाकलं होतं.

मी आकडा दुरुस्त केला. ती स्क्रीनवर तो बदललेला दिसेपर्यंत थांबली.

"आते पुढलं वाचा," ती म्हणाली.