खालून ठोकणारी

कडावात कुणाचं छप्पर गळायला लागलं की मालनबाईंना बोलावणं जातं. पन्नाशी उलटलेली बाई, पदर खोचलेला, हातात लांब बांबू आणि कमरेच्या पिशवीत खडू. शिडीला त्या सहसा हात लावत नाहीत. घरात शिरतात, दारंखिडक्या लावून अंधार करतात आणि वर बघत उभ्या राहतात. फुटक्या पत्र्यातून उजेड दिसला की बरोबर त्याच्याखाली जमिनीवर खडूनं फुली मारतात. वर चढायची वेळ आलीच, तर पत्रा सुकल्यावर आणि खालून ठोकायला माणूस असेल तरच. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलतो तो फक्त खाली वासा असेल तिथं. खालच्यानं बांबूनं वाशावर ठोकायचं, वरच्यानं त्या आवाजावर पाऊल टाकायचं.

हे त्यांना नवऱ्यानं, चंदरनं शिकवलं. आणि चंदर गेला तो ह्याच कामात, अकरा वर्षांपूर्वी, वस्तीतल्याच दशरथच्या छपरावरून.

तेव्हाही वादळ होऊन गेलं होतं. दशरथनं घाई करून चंदरला वर चढवलं आणि खालून ठोकायला स्वतः उभा राहिला. मध्येच फोन वाजला. बांबू भिंतीला टेकवून दशरथ अंगणात बोलत बसला. शिडी धरून उभ्या असलेल्या मालनबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं, ओरडून सांगितलंही. तोवर चंदरनं अंदाजानं पाऊल टाकलं होतं. तो पत्र्यासकट खाली आला.

लोक जमले तेव्हा दशरथ म्हणाला, "पिऊन चढला व्हता."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! ज्यानं जन्मात थेंब घेतला नाही, विहारात दर रविवारी पंचशील म्हणताना दारू न पिण्याचं पाचवं शील सगळी वस्ती ज्याच्यामागून म्हणायची, त्या माणसाबद्दल हे. बायकोचं कोण ऐकतं? बापाच्या जागी मुलगा प्रबुद्ध पंचशील सांगायला लागला, आणि पाचवं शील आलं की मागून कुणीतरी हमखास खोकायचं. ते खोकणं मालनबाईंनी अकरा वर्षं गिळलं. दशरथचं वाटोळं व्हावं असं त्या रोज म्हणायच्या आणि त्याची त्यांना जराही लाज नव्हती.

यंदा मेच्या शेवटी वादळानं दशरथचं छप्पर पुन्हा झोडपलं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या मुलीचा, मनालीचा साखरपुडा. पत्र्याची कामं करणारे सगळे साजगावच्या बाजूला अडकलेले, म्हणून झक मारत त्यानं मालनबाईंना बोलावलं. त्या आल्या, अंधार करून वर बघितलं, तीन फुल्या मारल्या. बाहेर येऊन बघतात तर दशरथ शिडी लावून तयार.

"पत्रा ओला हाय. आज वर कोन जायचं नाय," त्या म्हणाल्या.

"उद्या पावणे येतील गं! तू बाईमानूस, भितेस. मी जातो, कुठं फुटलंय ते बघतो, तू खालून ठोक."

आणि त्यानं बांबू त्यांच्या हातात दिला. मेला विसरला होता! मालनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुल्यांचं सांगायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं आणि त्या आत गेल्या.

ठक. दशरथ एक पाऊल पुढं. ठक. आणखी एक. जुन्या डांबराखाली बोल्ट झाकलेले, त्यावर ओला पाचोळा, वासा कुठं आहे ते वरून दिसायची सोय नाही. तो बरोबर मधोमध पोचला आणि मालनबाईंनी ठोकायचं थांबवलं.

"ठोक की गं! मालन! कुठं गेलीस?"

"हितंच हाय. मी फोन घेत नाय." मग अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला अरेतुरे केलं. "चंदर प्याला व्हता का रं?"

"आता ते कशाला..."

खरं सांगायचं तर एक चुकीची ठक मारणं त्यांच्या हातात होतं. पण मेलेला दशरथ काय बोलणार होता? त्याला जिवंत बोलायला हवं होतं. त्यांनी बांबूचं टोक वासा सोडून त्याच्या पायाजवळच्या नुसत्या पत्र्याला टेकवलं. ढब. वर दशरथची पाचावर धारण बसली.

"नव्हता! नव्हता प्याला!"

"मोठ्यानं बोल. अंगनात विमलबाईस्नी ऐकू गेलं नाय."

"चंदर प्याला नव्हता! फोन आला म्हनून मीच बांबू सोडून गेलो! खोटं बोललो मी!"

अंगणात साखरपुड्याची भांडी घासत होती ती शेजारीण विमलबाई. तिचा हात थांबला. मांडव बांधणारे खाली उतरले. मालनबाईंनी सगळ्यांची तोंडं दारातून नीट पाहून घेतली आणि मगच पुन्हा ठोकायला लागल्या. एकही ठक चुकली नाही.

खाली उतरून आत आलेल्या दशरथला जमिनीवरच्या फुल्या दिसल्या.

"ह्या कसल्या?"

"फुटके पत्रे. तू चढायच्या आदीच मारल्यात."

"मग मला वर कशाला जाऊ दिलंस?"

"जाऊ नको म्हनलेलं मी." तिन्ही फुल्या पायानं पुसून त्यांनी बांबू उचलला.

रविवारी मालनबाई विहारात सगळ्यांच्या मागे बसल्या, मुद्दाम. प्रबुद्ध पाचव्या शीलावर आला. त्या कान देऊन ऐकत होत्या. कुणीही खोकलं नाही.