हळदीकुंकवाला न आलेल्या बायका

लातूरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात शनिवारी स्त्रीरोगाची ओपीडी असते. त्या दिवशीच्या तपासणीचे पैसे डॉ. सौदामिनी स्वतः घेत नाहीत. ते बायकांच्या आरोग्यावरच्या अभ्यासाला आणि गावोगावच्या आरोग्यवर्गांना जातात. शिवांगी कदमचा पगार त्यातूनच निघतो.

शिवांगी बिलोली तालुक्यातल्या शेतकरी घरातली, नर्सिंग झालेली. गावात बायका जमवायच्या, पाळीचे त्रास आणि त्यावरचे उपचार समजावायचे, मग कोणाची गर्भपिशवी काढली, कितव्या वर्षी आणि कशासाठी, हे विचारून टिपायचं, असं तिचं काम. पुरुषांसमोर हे बोलणं होत नाही. म्हणून तिने संक्रांतीनंतरची हळदीकुंकवं धरली. वाण लुटून झालं की वर्ग. बायका नटून येत, निवांत बसत आणि मोकळं बोलत. दोन संक्रांतींत बिलोली आणि देगलूरकडची गावं झाली.

अहवाल जुळवताना डॉक्टरांनी विचारलं, "शिवांगी, यात एकही विधवा कशी नाही?"

उत्तर तिला लगेच सुचलं. हळदीकुंकवाला विधवांना बोलावत नाहीत. हे ती लहानपणापासून पाहत आली होती, इतकं की वेगळं लक्षातच आलं नाही. तिची आई विठाबाई विधवा आहे. त्यांच्याच गावात वर्ग झाला तेव्हा आई मागच्या दारी शेळीला पाला घालत होती. तिची पिशवी तिशीच्या आतच काढलेली.

रुग्णालयाचा कारभार पाहणारे वसंतराव म्हणाले, "खाली एक टीप टाका आणि छापा. यंदा शनिवारच्या पैशातून सोनोग्राफीचं मशीन घ्यायचं ठरलंय. पुन्हा गावं फिरायची तर मशीन राहिलं."

त्यांचं चुकीचं नव्हतं. सोनोग्राफीसाठी बायकांना अजून बाहेर पाठवावं लागतं. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि शिवांगीला विचारलं, "काम तुझं आहे. पुरं झालं म्हणतेस?"

"अर्धंच झालंय, मॅडम."

मशीन पुढच्या वर्षावर गेलं. पुढे महिनाभर वसंतराव तिला 'या, संशोधकबाई' म्हणत होते.

या वेळी वाण नाही, कुंकू नाही. सोयाबीनची काढणी उरकल्यावर शिवांगीने गावातल्या विधवांना घरोघर जाऊन निरोप दिले आणि पहिली बैठक स्वतःच्या घरी ठेवली. सोबत मनस्विनी होती, लातूरच्या नर्सिंग कॉलेजची विद्यार्थिनी. बायका अजून यायच्या होत्या, म्हणून शिवांगीने आईपासून सुरुवात करायचं ठरवलं.

"माय, तुझं सांग की."

"तुला न्हाई सांगायची."

"का? नर्स हाय मी."

"नर्स आसशील लातुरात. हितं पोरगी हायस." विठाबाईने मनस्विनीकडे बोट केलं. "हिला सांगते. आन् तू दाराशी थांबू नको. तुझे कान लई लांब हायत."

शिवांगी बाहेर हापशापाशी जाऊन उभी राहिली. आतलं बोलणं बराच वेळ चाललं. तेवढ्यात शेजारच्या दोघी आल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "बोलावणं तुझं, आन् तूच भाईर?"

"मायचं चाललंय," शिवांगी म्हणाली. "टेका जरा. मग तुमचं."