लाभ, दोन, तीन

अंगणात कालपासून नव्या धानाचा ढीग पडला आहे. त्याचा तो उबदार, घशाशी खवखवणारा वास नाकात शिरला की माझं डोकं फिरतं. नव्या धानाच्या वासानं माणसं सुखावतात म्हणे. सुखावोत बापडी! मला त्या वासानं आमगावजवळच्या आमच्या गावची शाळा आठवते, आणि दाराजवळच्या चटईवर मान खाली घालून बसलेली माझी सहा वर्षांची लेक दिसते.

लेकीला मोजायला शिकवलं ते माझ्या सासऱ्यांनी, खळ्यावर. धान मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. घरात येणाऱ्या लक्ष्मीला आल्याआल्या आकडा चिकटवायचा नाही, एवढाच त्यातला भाव. सासरे पायली भरायचे आणि ही शेजारी उकिडवी बसून साऱ्या खळ्याला ऐकू जाईल अशी ओरडायची, "लाभ! दोन! तीन!" गप्पांच्या नादात आजोबांचं माप चुकलं, तर सरळ त्यांचा हात धरायची. कुणाच्या बापाला भ्यायची नाही तेव्हा पोरगी.

ती पहिलीत गेली आणि गुरुजींनी पोरांची पातळी तपासली. पुढ्यात चिंचोके टाकून मोजायला सांगितलं. हिनं सवयीनं 'लाभ'पासून सुरुवात केली, वर्ग खदखदून हसला, आणि ज्यांना आकडे ओळखताच येत नव्हते त्या पोरांत, दाराजवळच्या चटईवर, गुरुजींनी हिला नेऊन बसवलं. घरी येऊन दप्तरही न काढता तिनं विचारलं, "आई, मी ढ आहो का?" तव्यावरची भाकर करपली.

दुसऱ्या दिवशी मी तडक शाळेत गेले. "गुरुजी, सारे चिंचोके बरोबर मोजले ना तिनं? मंग खाली काऊन बसवलं पोट्टीले?"

गुरुजी तरुण, घाटावरचे, बोलायला मऊ. "ताई, लाभ म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझ्या आजोळीही तसंच मोजतात. पण उद्या तपासणीला साहेब आले आणि ती असंच बोलली तर? सवय मोडली की वर घेतो."

"माहीत हाये, तरी तिले येत नाही म्हनता?"

"आज तरी तिची पातळी तीच आहे, ताई."

काय सांगू बाप्पा, अंगाचा नुसता तिळपापड झाला! ठाऊक नसतं तर समजावून सांगितलं असतं. जाणून बसलेल्या माणसाला काय समजावणार? वर पुन्हा चहा घेता का म्हणून विचारलं. वाईट माणूस नव्हता तो, हीच तर खरी चीड आहे. वाईट असता तर मनसोक्त भांडून मोकळी झाले असते. तणतणत बांधाबांधानं घरी आले, आणि वाटेत भेटलेल्या दोघीतिघींवर उगाच डाफरले.

पुढे सवय मोडली. गुरुजींनी तिला वर घेतलं, मुद्दाम निरोप पाठवून मला बोलावलं, आणि तिच्याकडून खणखणीत 'एक, दोन, तीन' म्हणवून घेतलं. तोंडभर हसून म्हणाले, "बघा, झाली ना तयार?" ती आकडे म्हणत होती, पण प्रत्येक आकड्यानंतर त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते त्यांना दिसलं नाही. मला दिसलं.

आता ती दहावीत आहे. गुरुजींची बदली होऊन जमाना लोटला, सासरेही गेले. शेजारची पोरं गणित अडलं की तिच्याकडेच येतात. ती झरझर सोडवून देते, उत्तर बरोबरच असतं. पण वही परत करताना आवाज खाली घेऊन दरवेळी म्हणते, "सरायले एकदा दाखवजो रे, चुकलंच असन माझं." हे ऐकलं की वाटतं, उठावं आणि पुन्हा शाळेत जाऊन भांडावं. पण आता जाऊ कोणाकडे? तिला खाली बसवणाऱ्यानं तर तिला केव्हाच वर घेतलंय.