भास्करने पाहिलेले तीन भाग

माझा मावसभाऊ भास्कर धारला राहतो. बावीस वर्षं पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात आहे, इंजेक्शनं भरतात त्या खात्यात. चोपन्न वर्षांचा, शिस्तीचा माणूस. घरी टीव्हीवर बातम्यांशिवाय काही लावू देत नाही.

क्रिकेट बघताबघता एक दिवस त्याच्या फोनवर एक जपानी कार्टून लागलं, हिंदीत बोलणारं. अंगात जादू असलेल्या मुलींच्या मालिका तिकडे पुष्कळ निघतात म्हणे. ही त्यांची टिंगल करणारी होती. गुलाबी झालरीचा फ्रॉक, हातात चांदणीची काठी. पोरकट आहे म्हणून तो बंद करणार, तेवढ्यात राक्षस आला. मुलगी म्हणाली, थांब, मला तयार होऊ दे. हातमोजे घातले, बूट घातले, रिबिन बांधली. रिबिन वाकडी झाली. सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून. तोवर राक्षसाने फुटपाथवर बसून डबा उघडला.

भास्कर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. त्याच्या खात्यात शिरायचं तर हात धुवायचे, मग टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे. बाही भिंतीला लागली की सगळं उतरवून पुन्हा सुरुवात. बावीस वर्षांत घरातल्या कुणाला तो हे समजावून सांगू शकला नव्हता, आणि त्या कार्टूनवाल्याला ते ठाऊक होतं. दुसरा भाग त्याने गच्चीत जाऊन पाहिला. तिसरा कारखान्याच्या बसमध्ये. तिथेच गणोजीरावांनी त्याला पकडलं.

गणोजी शितोळे त्याच बसने जातात. भास्करच्या मुलीसाठी, अपूर्वासाठी, त्यांनी आपल्या भाच्याचं, देवासच्या राजवीरचं, स्थळ सुचवलं होतं. रविवारी मंडळी यायची होती.

"काय भिया, फ्रॉकवाली पोरगी बघताय? इस उमर में?"

मागच्या दोन बाकांवरचे हसले. भास्करचे कान तापले.

"अहो, आमच्या अपूर्वाचं आहे हे. ती बघते. माझ्या फोनवर चालू राहिलं."

"अच्छा, अच्छा," गणोजी म्हणाले.

रविवारी राजवीरची आई, बकुळाबाई, पोह्यांची बशी हातात घेऊन अपूर्वाला म्हणाल्या, "तुला कार्टूनचा शौक आहे, असं ऐकलं."

अपूर्वा सत्तावीस वर्षांची, पॉलिटेक्निकात शिकवते. तिने वडिलांकडे पाहिलं. भास्कर बशीतली कोथिंबीर बाजूला करत होता. गच्चीतलं त्याचं हसणं तिने ऐकलेलं होतं.

"हो," ती म्हणाली. "कधीकधी."

"काय असतं गं त्यात?"

"एक मुलगी असते. जादूची."

"मग?"

"मग... लढते ती."

राजवीर खाली बघून हसला. बकुळाबाई म्हणाल्या, "असू दे. संसारात पडलीस की आपोआप सुटेल."

त्या तीन भागांतलं अक्षर न् अक्षर भास्करला पाठ होतं. तो उठला आणि म्हणाला, "चहाचं बघतो."

स्वयंपाकघरात वासंती, त्याची बायको, बघतच राहिली. "तुम्ही? चहाचं? दूध कुठे असतं ते तरी माहितीय का?"

त्याने तिला हळू आवाजात सगळं सांगितलं.

"मग बाहेर जाऊन सांगा ना!"

"आता कसं सांगू? ती हो म्हणून बसलीय. खोटी पडेल."

"ती खोटी पडेल? वा!" असं म्हणून वासंतीने ट्रे त्याच्या हातात दिला. तो चहा देऊन आला.

मंगळवारी गणोजींनी बसमध्ये निरोप दिला. "पसंत आहे. ताई म्हणाली, पोरगी जरा बालिश आहे, पण घेऊ सांभाळून."

वासंतीच्या ऑपरेशनच्या वेळी दीड महिना घर, दवाखाना आणि नोकरी त्या पोरीने एकटीने ओढली होती. भास्कर म्हणाला, "गणोजीराव, ते कार्टून मीच बघत होतो."

गणोजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रहने दो, भिया. बाप आहात, मुलीचं झाकणारच. मलाही दोन पोरी आहेत."

भास्करने पुन्हा सांगितलं नाही. आपल्यावर विश्वास बसला नाही म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटलं. हे मला सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

घरी आल्यावर त्याने निरोप सांगितला, 'बालिश' हा शब्दही सांगितला. अपूर्वा वह्या तपासत होती.

"मुलगा बरा वाटला मला," ती म्हणाली. "पण हो म्हणायच्या आधी मी त्याला फोन करून सांगणार, कार्टून कोण बघतं ते. आणि खोटं कोण बोललं, तेही. चालेल ना, बाबा?"

उत्तरासाठी ती लाल पेन हातात धरून थांबली. भास्कर म्हणतो, मी 'हो' म्हटलं. वासंती म्हणते, म्हटलं, पण त्याआधी पोरीला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.