पासष्ट टक्क्यांचा लेआउट

बेळगावच्या पट्ट्यात लेआउट या शब्दाला एकच अर्थ आहे. शेत मोडायचं, त्यात मुरुमाचे रस्ते ओढायचे, हद्दीचे दगड रोवायचे आणि कुठल्यातरी देवाच्या नावाची कमान उभारून जागा विकायच्या. मच्छे गावाच्या बाजूला अशा कमानी रस्त्याला दोन्हीकडे दिसतात. पोरीसाठी स्थळ बघताना लोक नोकरीच्या आधी 'लेआउटात जागा हाय काय' असं विचारतात. या शब्दाला दुसराही काही अर्थ असू शकतो, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला ठाऊक होतं, पण घरामागच्या परड्यात उभा राहून फोनवर बोलताना मी त्याचा विचार केला नाही.

आधी घर सांगतो. उचगावात आमचं घर आहे. पुढचा भाग अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, आणि वहिनीचा. मागची खोली माझी. माझं लग्न झालं नाही आणि आता लोकांनी तो विषय काढायचंही सोडलंय. आईची बाज स्वयंपाकघर आणि गोठा यांच्या मधल्या बोळात. अण्णा एका कारखान्यात सुपरवायझर आहे, शेतही बघतो. मी खोलीत बसून कन्नडातली माहितीपत्रकं, औषधांच्या डब्यातल्या सूचना, मिक्सर कसा वापरावा असलं सगळं मराठीत करतो आणि बंगळूरला पाठवतो. त्यावर मी माझं आणि घरातलं निम्मं भागवतो. वहिनी याला 'बसून टकटक' म्हणते.

वहिनी आईला उपाशी ठेवत नव्हती. गावात बोभाटा होईल असलं काही ती करत नाही, तेवढी ती हुशार आहे. आईच्या तोंडात दात नाहीत, तर तिला सकाळची भाकरी संध्याकाळी मिळायची. दूध मागितलं की म्हैस नेमकी आटलेली असायची, आणि आईच्या डोळ्यांदेखत डेअरीला कॅन जायचा. पाहुणे आले की आईचं ताट सगळ्यांच्या मागून, बोळात. अण्णा हे बघायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा. मी भांडलो की वहिनीचा राग आईवर निघायचा, दुसऱ्या दिवशी भाकरी आणखी कडक. शेवटी आईच म्हणाली, "तू गप बस रं. तुझं बोलणं मला पचत न्हाय."

आता कीबोर्ड. माझं टेबल म्हणजे शिलाई मशीनचा स्टँड. मशीन कधीच विकलं, वरची फळी राहिली. त्या फळीवर नेहमीचा लांबलचक कीबोर्ड ठेवला की माऊसला जागा उरत नाही; माऊस मी मांडीवर वही घेऊन तिच्यावर फिरवायचो. त्यात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दुखायला लागलं. सकाळी मूठ वळेना. डॉक्टरनं बोटं वाकवून बघितली आणि काम कमी करा म्हणाला. काम कमी करून खाऊ काय, हे त्यानं सांगितलं नाही.

निपाणीत माझा एक मित्र आहे, कॉलेजात एका बाकावर बसायचो. तंबाखूच्या व्यापाऱ्याचा मुलगा, घरात कन्नड बोलतो, बाजारात मराठी, आणि चेष्टा दोन्हीत करतो. त्याच्याकडे तो प्रकार होता: छोटा, जड, प्रत्येक बटणाखाली स्वतःची स्प्रिंग असलेला मेकॅनिकल कीबोर्ड. एकदा बसनं निपाणीला गेलतो तेव्हा त्यानं मला वखारीमागच्या ऑफिसात त्या कीबोर्डसमोर बसवलं. बाहेर पोती उतरत होती, तंबाखूच्या उग्र वासानं मला शिंका येत होत्या, आणि मी टाइप करत होतो. बोट टेकलं की अक्षर उमटत होतं. दाबावं लागतच नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला रडू यायचं बाकी राहिलं.

"बघ बाबा," मित्र म्हणाला, "मिक्सरची माहिती लिवायला एवढा महाग कीबोर्ड म्हणजे शेण काढायला चांदीचं घमेलं. खरं बोटं तुझी हाईत, ती जपायला पायजेत."

मग त्यानं मला सगळं शिकवलं. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन आणि F1, F2 असली सगळ्यात वरची रांग काढून टाकली की जो उरतो त्याला पासष्ट टक्क्यांचा लेआउट म्हणतात. बटणांखाली बारीक दिवे असतात; दिव्याचं तोंड आपल्याकडे असलं तर ते साउथ फेसिंग, पलीकडे असलं तर नॉर्थ. जाणकार साउथ घेतात. परतीच्या बसमध्ये मी हायवेभर घ्यावा की नको करत होतो. किंमत आठवली की नको वाटायचं आणि मूठ वळायला गेलो की घ्यावा वाटायचं. पुढचे काही आठवडे असेच गेले. रोज ऑर्डर करायला बसायचो आणि लॅपटॉप मिटून उठायचो.

शेवटी एका दुपारी ठरलं. आमच्या घरात फोनला रेंज फक्त परड्यात मिळते. मी तिथं उभा राहून मित्राला फोन लावला. वहिनी न्हाणीच्या आडोशाला तांदूळ निवडत बसली होती, ते मला दिसलं नाही. तिनं जे ऐकलं ते असं:

"व्हय, लेआउट ठरला. पासष्ट टक्क्याचाच. मोठा घेऊन काय करू? … साउथ फेसिंग, तू म्हणालतास तेच. … महाग हाय, खरं एकदा घेतला की जन्माचं काम झालं. … न्हाय, घरात कुणाला बोललो न्हाय. उगंच आरडाओरडा."

आता यातनं कुणीही काय समजेल? वहिनी समजली की मी चोरून जागा घेतोय, पासष्ट टक्के बँकेचं कर्ज आहे, आणि मी असला खुळा की दक्षिणेकडं तोंड असलेली जागा घेतोय. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की अण्णा बोलेनासा झाला आणि एकदा माझ्या खोलीत येऊन बटाट्याची किती पोती मावतील असं बघून गेला. मी म्हटलं, नेहमीचा माज.

वहिनीनं ती बातमी आईच्या अंगावर फेकली. "तुमचा धाकटा लेआउटात जागा घ्यायला लागलाय, चोरून. जावा आता तितं. पोराच्या हातचं खावा." हा टोमणा होता. आईनं तो टोमणा म्हणून घेतलाच नाही. ती दिवसभर बाजेवर बसून हसत होती, असं शेजारच्या काकूनं मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी बोळातनं जाताना तिनं माझा हात धरला. करंगळी चोळली. बोटं दुखतात हे मी तिला सांगितलेलं होतं.

"घेतलास काय रं?" ती हळूच म्हणाली.

मला वाटलं, मी कीबोर्डबद्दल तिच्याशी कधीतरी बोललो असेन. "घेतला, आई."

"दक्षिणेकडं हाय म्हणं. वाईट असतंय म्हणत्यात. खरं मला चालतंय."

साउथ फेसिंग हे तिला कुणी सांगितलं, असा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. म्हातारी काहीतरी ऐकून काहीतरी बोलते, असं म्हणून मी हसलो.

"मला दाखवशील न्हवं?"

"आला की पयल्यांदा तुलाच."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. एका कीबोर्डसाठी आई दृष्ट काढते याची मला गंमत वाटली होती.

पार्सल गावात येत नाही, बेळगावात जाऊन आणावं लागतं. ज्या दिवशी ते आणायला गेलो त्याच दिवशी वहिनीच्या माहेरची माणसं खानापुराकडनं जेवायला आली होती. तिची आई, दोन बहिणी, बहिणींच्या सासवा. घराच्या पुढच्या सोप्यात पंगत झाली. सगळ्यांचं उरकल्यावर वहिनीनं आईचं ताट बोळात नेऊन ठेवलं. भात तळाचा खरवडलेला, भाकरी सकाळची.

इतक्या वर्षांत आई कधी एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी ती ताट घेऊन सोप्यात आली आणि सगळ्या बायकांच्या मधोमध ते ठेवलं.

"हे बघा, तुमची लेक मला काय घालती ते. सकाळची भाकरी. दात हाईत काय मला?" आणि वहिनीकडे वळून, "तुझ्या हातचं खाऊन जीव विटला माझा. माझ्या धाकट्यानं जागा घेतलीया. तितं चुलीपाशी बसून गरम भाकरी खाईन मी. दूध प्यान. तुझी म्हस तुला लखलाभ."

काकू सांगत होती, वहिनीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. माहेरच्या माणसांपुढं कुणी तिला असं कधी बोललं नव्हतं. मला ते बघायला मिळालं नाही याचं वाईट वाटतं. आईच्या आयुष्यातली ती एकच दुपार, आणि मी बेळगावात रिक्षा शोधत होतो.

मी आलो तेव्हा आई उंबऱ्यावर बसली होती. अंगावर चांगलं लुगडं, शेजारी गाठोडं बांधलेलं. सोपा बायकांनी भरलेला. अण्णा दारात.

"या, मालक," अण्णा म्हणाला. "आईला न्यायला आलाय न्हवं? कुठं घेतलास जागा?"

"कसली जागा?"

"लेआउटातली. साउथ फेसिंग."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला फार वेळ लागला नाही. पण तोपर्यंत वहिनीनं माझ्या काखेतला खोका ओढून घेतला होता. तिनं तो तिथंच फोडला, फोम बाजूला टाकला आणि कीबोर्ड सगळ्यांना दिसेल असा वर धरला. मी घाईघाईनं सांगायला लागलो. पासष्ट टक्के म्हणजे काय, साउथ म्हणजे काय. जितकं सांगत गेलो तितकं हसणं वाढत गेलं. वहिनीच्या बहिणीनं तर खांबाला धरलं.

अण्णानं तो हातात घेतला आणि पंजा पसरून मोजला. "दीड वीत. लई झालं. आई, पाय मुडपून बस, मावशील."

सगळे हसत होते म्हणून आईसुद्धा हसली. तिला अजून कळलं नव्हतं. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत, हिरड्या दाखवत हसत होती, आणि मग माझ्याकडं बघितल्यावर तिचं हसू बंद झालं. त्या क्षणी माझ्या भावाच्या डोक्यात मी तो जड कीबोर्ड का घातला नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

वहिनीनं तेच ताट उचलून आईपुढं आणून ठेवलं. "जेवा, आत्याबाई. बांधकामाला वेळ हाय अजून." सगळ्यांसमोर जेवावं लागलं तिला. भाकरीचे तुकडे पाण्यात भिजवून तिनं ते ताट पुसून खाल्लं.

वस्तू परत करायची मुदत होती. मी केली नाही. मित्रानं फोनवर विचारलं, घेतल्याचं सार्थक झालं काय? झालं. हे लिहितोय तेही त्याच्यावरच. मूठ वळते, करंगळी दुखत नाही, माऊस फळीवर बसतो. ज्याचं पोट टायपिंगवर आहे त्यानं जरूर घ्यावा, असंच मी म्हणेन. चांगल्या वस्तूला माझ्या घरातल्या माणसांमुळे नावं ठेवणं बरोबर नाही.

आईचं मात्र अवघड झालं. वहिनी तिला 'बंगलेवाल्या' म्हणायला लागली. आळीतल्या बायका दारावरनं जाताना विचारायच्या, "म्हातारे, वास्तुशांत कधी?" ज्या बाईनं एकदा तोंड उघडलं तिचं ते परत कसं मिटवायचं हे आमच्या गावाला चांगलं येतं. बोळातली बाज आणखी गोठ्याकडं सरकली. भाकरीचं तर विचारूच नका.

मी खोली शोधली. बेळगावात, तळमजल्यावर, नळ आतच, शेजारी दवाखाना. घरमालकाशी बोलून आलो आणि थेट बोळात गेलो. आई बाजेवर बसून लसूण सोलत होती. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो आणि सगळं नीट, तिला समजेल असं सांगितलं. जागा विकत न्हाय, भाड्याची हाय. खरी हाय. मी बघून आलोय. चूल न्हाय, गॅस हाय, खरं भाकरी गरम मिळंल. उद्याच जाऊया.

आत स्वयंपाकघरात वहिनी भांडी घासत होती. माझं बोलणं सुरू झालं तसा तिचा हात थांबला होता.

आईनं माझ्याकडं बघितलंच नाही. तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं होती. "मी कुठं जात न्हाय," ती म्हणाली. "माझी सून मला लई चांगलं बघती. मला हितं काय कमी हाय?"

आतून काहीच आवाज आला नाही. आईनं थोडी वाट बघितली. मग वहिनीला ऐकू गेलं नसेल असं वाटून तिनं तेच परत, मोठ्यानं सांगितलं.